इंग्रजीलाही गाव आहे



पी-यू-टी पुट, मग बी-यू-टी बट का? हा प्रश्न आपल्या घरातल्या प्रत्येक पोराने कधी ना कधी विचारलेला असतो. आपणही शाळेत असताना विचारला होता. मास्तर म्हणायचे, इंग्रजी असंच आहे, पाठ करा. आपण पाठ केलं आणि गप्प बसलो. आज या प्रश्नाचं उत्तर सांगायचं आम्ही ठरवलं आहे. हे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात नाही, इतिहासात आहे. आणि त्या इतिहासात राजे थोडे. शेतकरी, विणकर, व्यापारी आणि घर सांभाळणाऱ्या बायकाच जास्त आहेत.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या कार्यक्रमात इंग्रजीची गोष्ट कशाला? कर्जाचं, शेळीपालनाचं सांगा की. त्याचं कारण असं. या रेडिओवर बोलायला आम्ही बायकांना बोलावतो. शेतीतलं, दुधातलं, बाळंतपणातलं त्यांना एवढं ठाऊक असतं की तासभर बोलतील. पण माईक समोर आला की म्हणतात, "नको गं बाई, आमची भाषा शुद्ध नाही." आमच्या एका गटातली मुलगी नोकरीच्या मुलाखतीला गेली. हिशोब पक्का, संगणक येतो. पण तिने इंग्रजीत दोन वाक्यं बोलताच समोरची माणसं एकमेकांकडे बघून हसली. "गावठी इंग्लिश" असा शब्द तिच्या कानावर पडला. ती घरी आली ती पुन्हा कुठे अर्ज करायलाच तयार नाही. म्हणून आम्ही शोधायला लागलो की हे शहरी इंग्रजी आणि गावठी इंग्रजी कोणी ठरवलं? ज्यांची ती भाषा आहे, त्या इंग्लंडात सगळे एकसारखं बोलतात का?

तर नाही बोलत. आपल्याकडे म्हणतात, दर बारा कोसांवर भाषा बदलते. इंग्लंडात तर त्याहून कमी अंतरावर बदलायची.

तीन टोळ्या, एक बेट

इंग्रजी भाषा इंग्लंडात उगवलेली नाही, ती बाहेरून आलेली आहे. पाचव्या शतकात समुद्रापलीकडून, म्हणजे आजच्या जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून, होड्यांत बसून लोक आले. त्यात मुख्य तीन टोळ्या होत्या: अँगल, सॅक्सन आणि ज्यूट. अँगल उत्तरेला आणि मधल्या भागात राहिले, सॅक्सन दक्षिणेला, ज्यूट आग्नेयेच्या केंट भागात. अँगलांवरून देशाला इंग्लंड नाव पडलं. तिघांची भाषा एकमेकांना समजण्यासारखी होती, पण एक नव्हती. म्हणजे इंग्रजीत बोलींचा फरक नंतर पडला असं नाही. ती त्या बेटावर उतरली तेव्हाच फरक घेऊन उतरली.

त्यानंतर नद्या, दलदली, जंगलं. गावातला माणूस जन्मभरात बाजाराच्या गावापलीकडे क्वचितच जायचा. आठवड्याचा बाजार, चर्च, सोयरिक, सगळं पाच-दहा कोसांत. ज्यांच्याशी रोज बोलायचं, त्यांच्यासारखं बोलायचं. बोली अशीच तयार होते. कोणी मुद्दाम बनवत नाही आणि कोणी बिघडवतही नाही.

मग आले डेन्मार्क-नॉर्वेकडचे व्हायकिंग. सन ७९३ मध्ये त्यांनी उत्तरेच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला. पण सगळे लुटून परत गेले नाहीत. पुष्कळजण उत्तर आणि पूर्व इंग्लंडात शेती करून राहिले, तिथल्याच मुलींशी लग्नं केली. घरात दोन भाषा आल्या. आई एक शब्द म्हणणार, बाप दुसरा, आणि पोरं दोन्ही उचलणार. आपल्याकडे सून माहेरचे शब्द घेऊन येते आणि वर्षभरात सासूही ते बोलायला लागते, तसंच हे.

याचा एक पुरावा आपल्या शिवणकामाच्या मशीनवरच पडलेला आहे. शर्ट आणि स्कर्ट. हे दोन्ही मुळात एकच शब्द! जुन्या इंग्रजीत जिथे 'श' झाला, तिथे व्हायकिंगांच्या भाषेत 'स्क' राहिला. दोन्ही शब्द इंग्रजीत शेजारी शेजारी राहिले आणि दोघांनी कपडे वाटून घेतले. एकाने वरचा घेतला, एकाने खालचा.

अंडी मागणारा व्यापारी

आता एक घडलेली म्हणून सांगितलेली गोष्ट ऐका. ती लिहून ठेवली विल्यम कॅक्स्टन या माणसाने. इंग्लंडात पहिला छापखाना त्याने काढला, सन १४७६ मध्ये, लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला. सन १४९० मध्ये छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की काही व्यापारी थेम्स नदीतून जहाजाने निघाले होते. वारा पडला म्हणून किनाऱ्याला थांबले. त्यातला एकजण जवळच्या घरी गेला आणि घरातल्या बाईकडे खायला मागितलं. म्हणाला, 'एग' द्या. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही! व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. तो आपली इंग्रजीच बोलत होता. शेवटी दुसरा कुणीतरी म्हणाला, त्याला 'आयरेन' पाहिजेत. तेव्हा बाई म्हणाली, हां, आता समजलं.

दोघंही अंडीच म्हणत होते. 'एग' हा व्हायकिंगांकडून आलेला, उत्तरेकडचा शब्द. 'आयरेन' हा दक्षिणेचा जुना इंग्रजी शब्द. मूळ दोघांचं एकच, फक्त एकीकडे 'य'चा 'ग' झाला आणि दुसरीकडे 'य'च राहिला. आपल्याकडेही असंच आहे. सातारकडची बाई 'डोळा' म्हणते, वऱ्हाडातली 'डोया' म्हणते. डोळा तोच, दिसतंही सारखंच.

कॅक्स्टनने ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली नव्हती. तो अडचणीत होता. पुस्तक एकदाच छापायचं, मग त्यात एग लिहायचं की आयरेन? बोलताना प्रत्येक गाव आपलं आपलं बोलतं, कोणाचं अडत नाही. छापताना एक निवडावं लागतं. आणि छापखाना जिथे असतो, तिथली बोली जिंकते. छापखाना लंडनजवळ होता. राजाचा दरबार, कचेऱ्या, बंदर, पैसा, सगळं तिथेच. म्हणून लंडनच्या आसपासची बोली 'शुद्ध' ठरली. ती जास्त गोड होती किंवा जास्त बरोबर होती म्हणून नाही.

त्या केंटच्या बाईचं नावही कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तिचा शब्द चुकीचा नव्हता. उलट, त्या मातीत तोच आधीचा होता. पाहुणा 'एग' होता.

बाकावरच्या बायका सरकल्या

आता मोठा बदल. साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत इंग्रजीतले लांब स्वर जागचे हलले. ऑटो येस्पर्सन नावाच्या डॅनिश भाषाअभ्यासकाने त्याला स्वरांचं महास्थलांतर अशा अर्थाचं नाव दिलं. त्याआधी इंग्रज माणूस 'नेम' या शब्दाला जवळपास 'नाम' म्हणायचा. आपल्या 'नाम'सारखंच! 'टाइम'ला 'टीम' म्हणायचा आणि 'हाउस'ला 'हूस'. 'मून' म्हणजे चंद्र, त्याला लांबवून 'मोन' म्हणायचा.

हे हललं कसं? ग्रामसभेत बाकावर बायका बसल्या आहेत असं समजा. एका टोकाला एक नवी येऊन बसली की तिच्या शेजारची सरकते, मग तिच्या पलीकडची सरकते, आणि दुसऱ्या टोकाची उठून उभी राहते. स्वरांचं तसंच झालं. 'ओ' सरकून 'ऊ'च्या जागी आला, 'मोन'चा 'मून' झाला. मग 'ऊ'ला जागा उरली नाही, तो 'आउ' झाला, 'हूस'चा 'हाउस' झाला.

पण सगळीकडे नाही. इंग्लंडच्या अगदी उत्तरेला आणि स्कॉटलंडमध्ये 'ओ' आधीच दुसऱ्या बाकावर जाऊन बसला होता. त्यामुळे तिथे 'ऊ'ला ढकलणारं कुणी नव्हतं. तो जागच्या जागी राहिला. म्हणून स्कॉटलंडच्या गावातला म्हातारा आजही घराला 'हूस' म्हणतो. शहरातला माणूस हसतो, म्हणतो, याला नीट बोलता येत नाही. खरं बघायला गेलं तर म्हाताऱ्याचा उच्चार सहाशे वर्षांपूर्वी सगळ्यांचाच होता. बदलला तो हसणारा.

हे स्वर हलायला सुरुवात का झाली, याचं एक कारण अभ्यासक सांगतात ते माणसांच्या स्थलांतराचं. सन १३४८-४९ मध्ये इंग्लंडात प्लेगची भयंकर साथ आली. गावंच्या गावं ओस पडली. त्यानंतर कामासाठी ठिकठिकाणचे लोक लंडनला लोटले. नाना बोली एका गल्लीत आल्या, आणि भाषा ढवळली गेली.

छपाई नेमकी या बदलाच्या मधोमध आली. स्पेलिंग जुन्या उच्चारांप्रमाणे ठरलं आणि छापून पक्कं झालं. उच्चार पुढे निघून गेला, स्पेलिंग मागेच राहिलं. 'नाइफ'च्या, म्हणजे सुरीच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला 'के' आहे ना, तो पूर्वी खरंच म्हणायचे. तोंडातला 'क' गेला, कागदावरचा राहिला. त्याचा ताप आपल्या पोरांना आजही होतो.

आता पुट आणि बट

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. पूर्वी पुट आणि बट दोन्हीत 'उ' होता. पुट आणि बुट. कपाला 'कुप' म्हणायचे. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडात, लंडनच्या बाजूला, हा 'उ' पुष्कळ शब्दांत 'अ'कडे झुकला. 'बुट'चा 'बट' झाला, 'कुप'चा 'कप' झाला. पण ओठ मिटून किंवा दाबून म्हणायच्या 'प', 'ब', 'फ' या आवाजांनंतर काही शब्दांनी ऐकलं नाही. पुट, पुश, पुल, फुल, बुल हे जुन्या उच्चारावर अडून बसले. आपल्या शाळेत शिकवतात ती दक्षिणेची रीत.

उत्तर इंग्लंडात, यॉर्कशायर, लँकेशायरच्या भागात, हा बदल पोहोचलाच नाही. तिथे अजूनही कपाला 'कुप', बसला 'बुस' आणि बटला 'बुट' म्हणतात. म्हणजे आपल्या पोराने वाचनात 'बुट' म्हटलं आणि वर्ग हसला, तरी लीड्स शहरातल्या एखाद्या आजीला त्यात हसण्यासारखं काहीच वाटणार नाही.

आणखी एक. ज्याला शुद्ध इंग्रजी म्हणतात, ती एका अंगाची नाहीच. ती गोधडी आहे. 'वन' म्हणजे एक, यातला 'व' पश्चिमेकडच्या खेड्यांतून आला. त्याच शब्दापासून झालेल्या 'ओन्ली' आणि 'अलोन' या शब्दांत 'व' नाही, तिथे जुना उच्चार टिकला. 'बेरी' म्हणजे पुरणे, या शब्दाचं स्पेलिंग 'यू' घालून लिहितात ते एका भागातलं, आणि उच्चार केंटचा. नर कोल्हा 'फॉक्स', पण मादी 'व्हिक्सन'. नराला 'फ' आणि मादीला 'व्ह' कसा? कारण दक्षिणेच्या शेतकऱ्यांच्या बोलीत 'फ'चा 'व्ह' व्हायचा, आणि कोल्हीण त्यांच्या शेतातून थेट शब्दकोशात शिरली. ज्या खेडुतांच्या बोलीला हसायचं, त्यांचेच तुकडे जोडून ही शाल झाली आहे.

लांब दिलेली लेक

आता समुद्रापलीकडे जाऊ. इंग्रजांनी अमेरिकेत पहिली टिकलेली वसाहत केली सन १६०७ मध्ये, जेम्सटाउनला. सन १६२० मध्ये दुसरे लोक प्लिमथला गेले. पुढे अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडमधून स्कॉटिश वंशाचे हजारो लोक गेले. हे सगळे 'र' ठळक म्हणणारे. 'कार', 'फार्म', 'मदर' यातला 'र' त्यांच्या तोंडात वाजायचा, कारण त्या काळात इंग्लंडातही बहुतेक ठिकाणी तो वाजायचा.

लेक लांबच्या गावी दिली की काय होतं? ती माहेरचा जुना शब्द जपते. पंधरा वर्षांनी माहेरी येते तेव्हा भावजया नवीनच बोलत असतात आणि म्हणतात, वन्सं अजून जुनंच बोलतात. अमेरिकेचं असंच झालं. अठराव्या शतकात लंडनकडे शब्दाच्या शेवटचा 'र' गळायला लागला. 'कार'चा 'काऽ' झाला. 'बाथ', 'पास', 'क्लास' यातला 'ॲ' लांबून 'आ' झाला, तोही तिकडेच आणि त्याच सुमाराला. अमेरिकेने यातलं पुष्कळ घेतलं नाही. म्हणून अमेरिकन माणूस आजही 'कार' म्हणतो 'र' वाजवून आणि 'क्लॅस', 'पॅस' म्हणतो. आपले तंजावरचे मराठी लोकही तसेच. तीनशे वर्षांपूर्वी गेलेल्यांच्या घरात जुन्या मराठीची काही रूपं टिकली आहेत.

ऑस्ट्रेलियाला इंग्रजांची पहिली जहाजं पोहोचली सन १७८८ मध्ये, कैदी घेऊन. त्यात लंडन आणि आसपासचे पुष्कळ होते. तोवर तिकडे 'र' गळू लागला होता. म्हणून ऑस्ट्रेलियात 'र' ऐकू येत नाही. कोण कुठून निघालं आणि कधी निघालं, यावर उच्चार ठरला.

आपल्याकडे इंग्रजी शाळा वाढल्या त्या एकोणिसाव्या शतकात. मुंबई विद्यापीठ सुरू झालं १८५७ मध्ये. तोवर दक्षिण इंग्लंडचा लांब 'आ' पक्का झाला होता. म्हणून आपल्या गटाच्या पेटीत असतं ते 'पासबुक', 'पॅसबुक' नव्हे. पण 'र' मात्र आपण सोडला नाही. आपल्या भाषेत लिहिलेला 'र' गिळायची रीतच नाही. म्हणून डॉक्टर, मास्टर, नंबर सगळे 'र' आपण खणखणीत वाजवतो. याला चूक म्हणायचं असेल तर अर्धी अमेरिका आणि सगळं स्कॉटलंड चुकीचं म्हणावं लागेल.

कोणाचा 'र' मोठा?

इथेच खरी मेख आहे. इंग्लंडात 'र' गिळणारा साहेब समजला जातो आणि 'र' वाजवणारा खेडूत. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात बरोबर उलटं. सन १९६२ मध्ये विल्यम लबॉव्ह नावाच्या अभ्यासकाने तिथे एक साधा प्रयोग केला. तीन मोठी दुकानं घेतली: एक श्रीमंतांचं, एक मध्यम, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी बघून घेतलं आणि काउंटरवरच्या माणसांना विचारलं, अमुक वस्तू कुठे आहे? उत्तर यायचं, 'फोर्थ फ्लोर'. या दोन शब्दांत दोन 'र'. तो ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचा. असे २६४ जणांना त्याने विचारलं.

श्रीमंत दुकानात 'र' सगळ्यात जास्त वाजला, स्वस्त दुकानात सगळ्यात कमी. आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर, म्हणजे जपून बोलताना, 'र' वाढला. काउंटरवर उभं राहणारे सगळे पगारी नोकरच. पण ज्यांच्याकडे गिऱ्हाईक मोठं, त्यांनी मोठ्यांचा उच्चार उचललेला. एकच 'र', लंडनमध्ये त्याची किंमत कमी, न्यूयॉर्कमध्ये जास्त. यावरून काय दिसतं? किंमत आवाजाची नसते. ज्याच्या हातात पैसा आणि कचेरी, त्याच्या आवाजाला लोक शुद्ध म्हणतात.

हे 'शुद्ध' शिकवायचा धंदाही जुना आहे. जॉन वॉकर हा आधी नाटकात काम करणारा नट, मग उच्चार शिकवणारा शिक्षक. त्याने १७९१ मध्ये उच्चारांचा शब्दकोश काढला. त्यात लंडनच्या गरीब वस्तीतल्या लोकांचे दोष लिहिले. त्यातला एक असा की हे लोक पाहिजे तिथे 'ह' म्हणत नाहीत आणि नको तिथे 'ह' घालतात. आपल्याकडची म्हातारी 'ऑफिस'ला 'हाफिस' म्हणते ना? लंडनच्या गल्लीत तिची मावसबहीण निघाली म्हणायची.

याच विषयावर बर्नार्ड शॉ यांनी 'पिग्मॅलियन' हे नाटक लिहिलं. लंडनला ते १९१४ मध्ये आलं. फुलं विकणारी गरीब मुलगी, आणि तिला साहेबी उच्चार शिकवून मोठ्या घरची बाई म्हणून मिरवणारा प्राध्यापक. पु. ल. देशपांडे यांनी त्याचंच मराठीत 'ती फुलराणी' केलं आणि भक्ती बर्वे यांनी ती भूमिका गाजवली. नाटक बघताना आपण हसतो, पण त्यातला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उच्चार बदलल्यावर लोक तिला मान देतात. मग आधी जो नाकारला, तो मान कशाचा होता?

रेडिओवरचा यॉर्कशायरचा आवाज

आपण रेडिओवर बोलतो आहोत, म्हणून ही गोष्ट सांगायलाच हवी. इंग्लंडात बीबीसी सुरू झाली १९२२ मध्ये. रेडिओवर कसा उच्चार करायचा हे ठरवायला १९२६ मध्ये त्यांनी समिती नेमली. पुढे तेच बर्नार्ड शॉ तिचे अध्यक्ष झाले. बातम्या वाचणारे सगळे एकाच ठशाचे, दक्षिणेच्या महागड्या शाळांत शिकलेल्यांसारखे बोलणारे.

मग दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, विल्फ्रेड पिकल्स नावाचा माणूस बातम्या वाचायला बसला. हा यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सचा. त्याच्या बोलण्यात त्याचं गाव ऐकू यायचं. उत्तरेच्या लोकांना तो शेवटी 'गुड नाइट' म्हणताना त्यांच्याच बोलीत 'गुड नीट' म्हणायचा. तक्रारींचा पाऊस पडला. गंमत म्हणजे पिकल्सचं 'नीट' जुनं आणि 'नाइट' नवं. 'टीम'चं 'टाइम' झालं, हे मघाशी सांगितलं ना, तसंच हे. तो उच्चार शतकानुशतकं जपलेला होता, आणि लोक म्हणत होते, याला बोलता येत नाही.

आता शेवटी एका माणसाबद्दल. जोसेफ राइट, जन्म १८५५, यॉर्कशायरमधलाच. अतिशय गरीब घर. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीत गाढवं हाकायला लागला, सातव्या वर्षी सूतगिरणीत कामाला गेला. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. मग शिकला तो असा शिकला की जर्मनीत जाऊन डॉक्टरेट मिळवली आणि १९०१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाला. प्राध्यापक झाल्यावर आपली बोली विसरला का? नाही. त्याने सगळ्या इंग्लंडातल्या बोलींचा शब्दकोश केला, सहा खंडांचा. तो १८९८ ते १९०५ या काळात छापून झाला. त्याची बायको एलिझाबेथ मेरी राइट स्वतः अभ्यासक होती. तिने त्याला या कामात साथ दिली आणि १९१३ मध्ये खेडुतांची भाषा आणि लोकसमजुती यांवर स्वतःचं पुस्तक लिहिलं.

पुढे लीड्स विद्यापीठाच्या लोकांनी १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी जाऊन तेराशेच्या वर प्रश्न विचारले. गोठ्याला काय म्हणता, नांगराच्या भागांना काय म्हणता, कणकेला काय म्हणता. फार मोलाचं काम झालं. पण ज्यांना विचारलं ते बहुतेक म्हातारे पुरुष होते. चुलीपुढची, माजघरातली, दळताकांडतानाची भाषा ज्यांच्या तोंडी होती, त्या बायकांना फार थोड्या ठिकाणी विचारलं गेलं.

मैत्रिणींनो, ते इंग्लंडात झालं. आपल्याकडे काय करायचं हे आपल्या हातात आहे. आमचं सांगणं एवढंच आहे. मुलींना चांगलं इंग्रजी जरूर शिकवा. बँकेत, कचेरीत, मुलाखतीत जे चालतं ते यायलाच पाहिजे, त्याशिवाय दार उघडत नाही. पण ते शिकताना घरच्या बोलीची लाज शिकवू नका. कोणी उच्चाराला हसलं तर तिला हे सगळं सांगा. 'र'ची गोष्ट सांगा, अंड्यांची सांगा. जी हरून घरी बसली आहे, तिला तर नक्की सांगा. आमच्या त्या मुलीला आम्ही सांगितलं आहे. अर्ज भरायला ती अजून तयार नाही, पण पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमात पशुविम्याची माहिती तीच सांगणार आहे.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले, प्रोसिडिंग लिहून झालं, की एक काम करा. प्रत्येकीने आपल्या माहेरचे पाच शब्द सांगायचे, जे सासरी कुणाला कळले नव्हते. भांड्याचे, रोगाचे, पाऊसपाण्याचे, कसलेही चालतील. वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहून काढा: शब्द, अर्थ, आणि कुठल्या गावचा ते. उच्चार जसा असेल तसाच लिहा, सुधारू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी फोनवर बोलून रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. आम्ही ते या कार्यक्रमात ऐकवू, तुमच्याच आवाजात.

आज इथेच थांबतो. नमस्कार.